ओळख परेडीतला तिसरा माणूस

मी तहसील कार्यालयात गेलो होतो तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दोनच दिवस उरले होते आणि रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. तेवढ्यात आतून एक कारकून बाहेर आले. मंडईत वांगी निवडावीत तशी त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तू. निळा शर्ट. आत ये."

माझ्या चेहऱ्यावरची अडचण त्यांना दिसली आणि माझा नंबर आधी लागला, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. मागच्या लोकांकडे जरा ओशाळून बघत मी आत गेलो. आत पाचजण आधीच उभे होते. सगळे विशी-बाविशीतले, सगळे सावळे, सगळे हडकुळे. कोणाच्याच हातात कागद नव्हते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"ओळख परेड आहे," कारकून म्हणाले. "आरोपीसारखी दिसणारी सहा माणसं लागतात. अर्धा तास सरळ उभं राहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. मग तुमची कामं आधी करून देतो."

प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बोयसरच्या बाजारात संध्याकाळी मोटारसायकलवरून दोघं आले आणि मागे बसलेल्यानं एका मासळीवालीच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. संशयावरून तारापूरच्या एका कारखान्यातला कंत्राटी कामगार धरला होता आणि तो जामिनावर सुटला होता. त्याच्याकडे काही सापडलेलं नव्हतं. आता सगळं त्या बाईवर होतं. तिनं आमच्या ओळीतून त्याला ओळखलं तर तो अडकला.

मी तेव्हा मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि पुढे न्यायसहायक मानसशास्त्र शिकायचं ठरवून बसलो होतो. हे नाव आमच्या घरात मलाच धड उच्चारता यायचं. वडील तारापूरच्याच एका कंपनीत पॅकिंगला आहेत. ते शिफ्टमधल्या लोकांना सांगायचे, "पोरगा चोराच्या डोक्यातलं शिकतो." मीही ते फारसं खोडून काढत नव्हतो. डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखणारा माणूस व्हायची माझीही तयारी होती. तर अशा मला, फुकटात, खरी ओळख परेड बघायला मिळणार होती. दाखला मी विसरूनच गेलो.

परेड घेणारे नायब तहसीलदार आले तसा मी, घाबरत का होईना, त्यांच्याजवळ गेलो.

"साहेब, एक सांगू का? त्या बाईंना आधी सांगायला पाहिजे, की चोर या ओळीत असेलच असं नाही. नाहीतर साक्षीदाराला वाटतं, कोणीतरी निवडायलाच हवा."

"काय शिकतोस?"

"मानसशास्त्र, साहेब. बी.ए."

"बरं. मग आता उभं राहायला शीक. हात खिशातून बाहेर काढ."

आरोपीनं स्वतःची जागा स्वतः निवडायची असते. त्यानं चौथी निवडली. मी तिसरा. तो माझ्याच वयाचा होता, गोल चेहऱ्याचा, पायात कारखान्यातले जाड बूट. आम्ही सगळेच आरोपी आहोत असा त्याचा समज झाला असावा, कारण त्यानं ओठ न हलवता मला विचारलं, "भाई, आप क्या किए हो?"

"इन्कम सर्टिफिकेट के लिए आया हूँ."

त्यानं माझ्याकडे बघितलं. काय गुन्हा असेल हा, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

पोलिसांना बाहेर काढलं, दोन पंच खुर्चीवर बसले आणि दार उघडलं. मी वाचलं होतं, की ओळीतला कोणीही वेगळा दिसता कामा नये. म्हणून मी चेहरा अगदी कोरा ठेवायचा ठरवलं. आता ज्यानं कधी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला असेल त्याला माहीत असेल, त्यानं माणूस किती भयंकर दिसतो. बाकीचे पाच कंटाळले होते. आरोपीही खाली बघत होता. एकटा मी घामाघूम होऊन, जबडा आवळून, समोरच्या कॅलेंडरकडे टक लावून उभा.

साहेबांनी बाईंना सांगितलं, "नीट बघा. तो माणूस यात असेल, नसेलही." म्हणजे माझी सूचना त्यांनी मनावर घेतली होती! मला इतका आनंद झाला, की कोरा चेहरा क्षणभर हलला असणार.

बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली. चौथ्यापाशी थांबली. मग माझ्यासमोर उभी राहिली, अगदी जवळ, वीतभर अंतरावर. माझ्या खांद्यावर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "हा. याचं तोंड मी इसरनार नाय."

माझ्या शेजारी कोणीतरी मोठा श्वास सोडला. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी मुद्दाम केलं.

आणि त्याच वेळी मला तिची ओळख पटली.

आमचं गाव सफाळ्याच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे. माझ्या लहानपणी दातिवऱ्याहून एक मावशी सुकी मासळी घेऊन यायची. बोंबील, सोडे, जवळा. भातकापणीनंतर ती पैसे घेत नसे, मापानं भात घ्यायची आणि तितकी मासळी टाकायची. जाताना टोपली भातानं जड झालेली असे. अशी टोपली एकट्यानं डोक्यावर चढत नाही. समोरून कोणीतरी हात द्यावा लागतो. आमच्या घरात ते काम माझं. दोघांनी टोपलीच्या कडा धरायच्या, गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, मग एकदम वर. टोपली डोक्यावर बसेपर्यंत दोघांची तोंडं वीतभर अंतरावर असतात. मी सातवी-आठवीत असल्यापासून दहावीपर्यंत असा हात दिला होता. मग तिचं येणं थांबलं.

तिनं माझं तोंड खरंच बघितलं होतं. जितक्या जवळून मला घरच्यांशिवाय कोणी बघितलं नसेल तितक्या जवळून.

हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण कारकुनांनी सांगितलं होतं, तोंडातून शब्द काढायचा नाही. मी आज्ञाधारक मुलगा आहे. शाळेत मला त्यासाठी बक्षीसही मिळालं आहे. साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, 'तिसऱ्या क्रमांकाच्या इसमास ओळखले', माझी सही घेतली आणि मला जायला सांगितलं. गडबडीत दाखल्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही.

घरी वडिलांनी पहिलं तेच विचारलं.

"दाखला?"

"नाही मिळाला. मला चोर म्हणून ओळखलं."

वडिलांच्या हातातला चहा तसाच राहिला. "पोलिसांत नाव गेलं का तुझं?"

"नाही हो. मी नुसता डमी होतो."

"मग तुला कशाला ओळखलं?"

आई आतून म्हणाली, "मी कवापासून सांगते, तोंड जरा हसरं ठेवत जा."

थोड्या वेळानं मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती दातिवऱ्याची मावशी यायची ना सुकट घेऊन, ती हल्ली कुठं असते?"

"गुडघे गेले तिचे. आता बोयसरच्या बाजारात बसते ना. मंगळसूत्र खेचलं बिचारीचं, ऐकलं मी. का रे?"

"काही नाही," मी म्हणालो. शिष्यवृत्ती त्या वर्षी हुकली. ते मी नशिबावर घातलं.

पुढे एम.ए.ला आमच्या मॅडमनी साक्षीदाराची स्मृती हा विषय शिकवला. त्या म्हणाल्या, चेहरा आणि तो कुठं बघितला ती जागा, या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या राहतात. चेहरा टिकतो, जागा निसटते. मग ओळीत ओळखीचं तोंड दिसलं, की माणसाला वाटतं, हाच तो. खोटं बोलायचा त्यात काही हेतू नसतो. मी हात वर केला आणि टोपलीचं सगळं उदाहरण सांगितलं. मॅडम खूश झाल्या. "फारच छान उदाहरण आहे. कुठं वाचलंत?"

"आठवत नाही, मॅडम," मी म्हणालो.

परेडीला पावणेदोन वर्षं होऊन गेल्यावर मला पालघरच्या न्यायालयाचं समन्स आलं. आरोपीच्या बाजूनं साक्ष. त्याला वकील परवडत नव्हता, म्हणून सरकारी मदतीतून एक वयस्कर वकील दिले होते. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सगळं नीट सांगितलं. मासळीवालीनं परेडीत मला ओळखलं खरं, पण कोर्टात तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट करून सांगितलं होतं, हाच तो. आणि सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की ओळीतला डमी आरोपीसारखाच दिसत होता म्हणून तिची तेव्हा चूक झाली. तिचं कोर्टातलं बोलणं टिकलं, तर हा पोरगा तुरुंगात जाईल.

मी घसा साफ केला. "सर, मी आता याच विषयात एम.ए. करतोय. स्मृती, साक्षीदाराची खात्री, सगळ्यावर बोलू शकतो. मी थोडं लिहून आणलंय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला बोलायला नाही बोलावलेलं. न्यायाधीश मॅडमनी तुमचं तोंड बघायला हवं. तेवढंच काम."

तरी मी साक्षीच्या दिवशी चार पानं खिशात घालून गेलो. इंग्रजी शब्द लाल पेनानं लिहिले होते. वडिलांनी सुट्टी टाकली होती. आईनं इस्त्रीचा शर्ट दिला, मुद्दाम निळा सोडून.

शपथ झाली. आमचे वकील उठले. "ओळख परेडीत आपण कितव्या क्रमांकावर होतात?"

"तिसऱ्या."

"फिर्यादीनं कोणाच्या खांद्यावर हात ठेवला?"

"माझ्या."

"मला एवढंच विचारायचं आहे."

चार पानं खिशात तशीच होती. मला आरोपीशेजारी उभं केलं गेलं. न्यायाधीश मॅडमनी आम्हाला दोघांना बघितलं, आधी समोरून, मग बाजूनं. त्याचा चेहरा गोल, केस कुरळे. माझा लांबट, हनुवटी पुढे. आमच्यात सारखं होतं ते फक्त वजन. मॅडमच्या भुवया वर गेल्या आणि आमचे वकील समाधानानं खाली बसले.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. त्यांनी दोनचार साधे प्रश्न विचारले आणि परत बसता बसता, नेहमीचा म्हणून, एक शेवटचा.

"फिर्यादीला तुम्ही परेडीपूर्वी ओळखत नव्हतात ना?"

नाही म्हणालो असतो तर तिथंच संपत होतं. हो म्हणालो, तर त्यांच्या हातात नवं कारण मिळणार होतं, की ओळखीचं तोंड दिसलं म्हणून बाई गोंधळली, आरोपीबद्दल तिची चूक नाहीच. चौथ्या नंबरचा तो मुलगा माझ्याकडे बघत होता. मराठी त्याला किती कळत होतं कोणास ठाऊक. त्याचे बूट तेच होते.

"ओळखत होतो," मी म्हणालो.

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील परत उभे राहिले, आता पूर्ण. मी टोपलीचं सगळं सांगितलं. मासळी, भात, समोरून हात द्यायची पद्धत. किती जवळून, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी वीत दाखवली.

"म्हणजे," सरकारी वकील म्हणाले, "तुम्ही ओळीत नसतात तर तिनं आरोपीलाच ओळखलं असतं. बरोबर?"

"ते सांगता येणार नाही, सर."

"का नाही?"

लाल शाईतला एकही शब्द मला आठवेना. जे तोंडाला आलं ते बोललो. "मावशी खोटं बोलत नव्हती. तिला माझं तोंड खरंच आठवत होतं, फक्त कुठं बघितलं ते आठवत नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवताना तिला पूर्ण खात्री होती. नंतर कोर्टात याच्याकडे बोट केलं तेव्हाही असेल. पण खात्री आहे म्हणून ते बरोबरच आहे, असं नसतं. ती खात्री माझ्याबद्दलही होती."

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तज्ज्ञ म्हणून आला आहात का?"

"नाही, मॅडम. मी तिसरा."

मागे कोणीतरी हसलं. शिपाई त्याला दटावायला उठला. मॅडम म्हणाल्या, "तुमचं मत लिहून घेता येणार नाही. जे बघितलं, जे केलं, तेवढंच." आणि टंकलेखकाला त्यांनी सांगितलं ते असं: साक्षीदाराने परेडीपूर्वी फिर्यादीस अनेकदा टोपली उचलण्यास मदत केली होती. माझ्या साडेचार वर्षांच्या शिक्षणातलं कोर्टानं घेतलं ते एवढंच, आणि ते मला सातवीतच येत होतं.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, बोलायचं नाही. तोंडाचंच काम आहे."

त्यांनी फाइल काखेत मारली आणि चहाच्या टपरीकडे निघून गेले. मला बोलावलं नाही.

निकालाला मी गेलो. माझ्यामुळे तो आत जाणार, या भीतीनं आदल्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नव्हतं. निकाल चारपाच मिनिटांत वाचून झाला. मुद्देमाल सापडला नाही. परेडीत फिर्यादीनं आरोपीला ओळखलं नाही. तिथं तिनं ज्याला खात्रीनं ओळखलं तो चोर नव्हता, मग जवळजवळ पावणेदोन वर्षांनी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाबद्दलच्या तिच्या खात्रीवर विसंबता येत नाही. निर्दोष मुक्तता. मी मनातल्या मनात वाक्य बनवून ठेवलं होतं, तो आभार मानायला आला की म्हणायचं, 'अरे, मैंने तो बस सच बोला.' तो आलाच नाही. बाहेर पडताना फोनवर बोलत होता, "हाँ सुपरवाइजर साहब, सेकंड शिफ्ट में आ जाऊँगा," आणि माझ्या शेजारून रिक्षा पकडायला पळाला. त्यानं मला ओळखलं नसावं.

मला ओळखलं ते दुसऱ्याच कोणीतरी. आवाराच्या भिंतीला टेकून मावशी उभी होती.

"ए, इकडं ये. तू भातवाल्या वयनीचा पोर ना? सफाल्याच्या आतला?"

"हो, मावशी."

"मग त्या दिशी बोललास का नाय?"

"बोलायचं नाही असं सांगितलं होतं."

"बोलायचं नाय! आनि तू उभा, दातांत बोंबील धरल्यासारका." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू नुसतं मावशी म्हनला असतास, तर मी बोलले असते, अरे, हा तर आपला पोर. तुला सोडून परत बघितलं असतं. बाजूचा होता तर बाजूचा. नव्हता तर नव्हता."

परेडीआधी मी साहेबांना जे शिकवलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

"मला त्याचं तोंड आठवत होतं रे," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "चांगलं आठवत होतं. आता डोले मिटले की गाडीवर तूच बसलेला दिसतोस. मंगलसूत्र खेचतोस आनि पलतोस. तू नव्हतास, ते मला कलतंय. पन दिसतोस तूच."

"मावशी, चुकलं माझं."

"ते जाऊ दे. तू हेच शिकतोस ना? वकील बोलला मला. मग सांग, त्याचं तोंड परत येल का?"

खोटं सांगावंसं फार वाटलं. "नाही येणार, मावशी."

"नाय?" ती म्हणाली. "मग इतकी वर्सं शिकून तुमी करता काय?"

"यापुढे," मी म्हणालो, "परेडीच्या आधीच सांगायचं. ओळीतल्या माणसांनी बाईला लपून बघायचं, आणि तिला कोणी ओळखत असेल तर त्यानं बाहेर पडायचं. मी लिहून देणार आहे तहसीलला."

"यापुडं," मावशी म्हणाली. गळ्यातली साधी काळी पोत बोटानं सरळ केली आणि रिक्षा थांब्याकडे चालू लागली.